चार स्प्रिंट आणि एक संमतीपत्र

आमच्या रुग्णालयात टेलिमेडिसिन, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून रुग्ण बघणं, अजाइल पद्धतीने (छोट्या टप्प्यांत काम करून, दाखवत पुढे जायचं) सुरू करायचं ठरलं आणि प्रॉडक्ट ओनरचं, म्हणजे काय आणि कोणत्या क्रमाने करायचं ते ठरवण्याचं, काम माझ्या गळ्यात पडलं. २ आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे टप्पे), भिंतीवर बोर्ड, रोज १५ मिनिटांची उभ्याउभ्या मीटिंग. अपॉइंटमेंट, व्हिडिओ कॉल, ई-प्रिस्क्रिप्शन हे सगळं वेळेत झालं, त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. घोडं अडलं ते संमतीपत्रापाशी.

ओपीडीतलं छापील संमतीपत्र ३ पानांचं, शेवटी सहीची रेघ. घरी बसलेल्या रुग्णाने सही करायची कशावर? संमतीपत्राला मंजुरी देणाऱ्या रुग्णालयाच्या समितीला मी विचारलं. समिती महिन्यातून एकदा बसते. पहिल्या बैठकीत आमचा विषय ९ वा होता आणि ७ व्यालाच वेळ संपली. दुसऱ्या बैठकीनंतर शेरा आला, "नमुना जोडलेला नाही." अहो, नमुना कसा हवा हेच तर विचारलं होतं!

बोर्डावरच्या 'अडकलेलं' या रकान्यात ती पिवळी चिठ्ठी ४ स्प्रिंट चिकटून होती. चिकटून तरी कसली, गोंद सुकला होता, पंखा लावला की खाली. शेवटी मी सेलोटेप लावला. टीममधल्या सिस्टर म्हणाल्या, "आता ही कायमची झाली."

वैतागून मी समितीच्या सचिवांना २००१ चा अजाइल जाहीरनामा ऐकवला: सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर महत्त्वाचं. चूक माझीच. कागदपत्रांनाही मोल आहे असं तोच जाहीरनामा पुढे म्हणतो, ते मी सोयीस्करपणे गाळलं. त्यांनी ते वाचलेलं निघालं.

सुटलं ते बैठकीत नाही, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवतात तिथे. समितीतल्या एका मॅडमना बोलावलं, शेजारच्या खोलीत बसवलं, हातात फोन दिला: तुम्ही रुग्ण. संमतीपत्राची पीडीएफ उघडली. दोन बोटांनी मोठी केली तर ओळ उजवीकडे पळाली, चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. पलीकडून डॉक्टर "हॅलो, दिसतोय का मी?" करतायत. मॅडमनी फोन खाली ठेवला. "हे कोण वाचणार?"

तिथेच बसून मसुदा झाला. डॉक्टरांनी वाचून दाखवायची ५ वाक्यं: व्हिडिओवर सगळी तपासणी होत नाही, गरज पडली तर प्रत्यक्ष यावं लागेल, खोलीत आणखी कोण आहे, रेकॉर्डिंग होतंय की नाही, केव्हाही नाही म्हणता येतं. रुग्णाचा होकार डॉक्टरांनी वेळेसकट केस पेपरवर नोंदवायचा. पुढच्या बैठकीत मंजूर.

तुम्ही सुरू करणार असाल तर संमती पहिल्या दिवसापासून 'डेफिनिशन ऑफ डन'मध्ये (काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, त्या यादीत) घाला आणि मंजुरी देणाऱ्यांना पहिल्याच रिव्ह्यूला बोलवा. मी त्यांना अर्ज पाठवत बसले. सुरुवात फॉलोअपच्या रुग्णांपासून करा, पडद्यावरून पोट दाबून बघता येत नाही. रोजची मीटिंग ओपीडीच्या आधी घ्या, नंतर डॉक्टर मिळत नाहीत. कॉल लागताच रुग्ण आत्ता कुठे आहे ते विचारा आणि दुसरा फोन नंबर घ्या. मध्येच त्याला घाबरं झालं आणि कॉल तुटला, तर मदत पाठवणार कुठे?

हां, आणि चाचणी रुग्णालयाच्या वायफायवरच करा. आमचं फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, यूडीपी (व्हिडिओ कॉल सहसा ज्या पद्धतीने जातो ती) अडवत होतं, आवाज नाही, चित्र काळं. टर्न सर्व्हर (कॉल पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) टीसीपीवर, ४४३ पोर्टने, म्हणजे वेबसाइट उघडतात त्याच वाटेने, घेतल्यावर दिसायला लागलं. ते दोन तासांत सुटलं. दोन तासांत!