तुम्ही विचारलंत म्हणून: "शेवटी सुटलेच ना?"

2012 मध्ये एटीएसने, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलेले नांदेडचे दोघे 2021 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. तेव्हापासून इथे परभणीत चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत मला हमखास विचारतात, "वकीलसाहेब, शेवटी सुटलेच ना? मग कायद्याला नावं कशाला ठेवता?"

सुटायला नऊ वर्षं लागली, म्हणून ठेवतो.

एरवी पोलिसांना 60 दिवसांत, गुन्हा गंभीर असेल तर 90 दिवसांत चार्जशीट द्यावी लागते. नाही दिली, तर जामीन मिळणं हा आरोपीचा हक्क. माझ्या एका पक्षकाराची आई कॅलेंडरवर रोज पेन्सिलीने फुली मारायची. नव्वदावी फुली मारून ती सकाळी साडेआठलाच दारात उभी. हातात पिशवी, पिशवीत पोराचा इस्त्री केलेला शर्ट. "साब, आज नव्वद हुए ना?"

मुदत आदल्याच आठवड्यात वाढली होती. यूएपीएच्या कलम 43-ड प्रमाणे सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्ट ती 180 दिवसांपर्यंत नेऊ शकतं. तिला हे सांगायचा मला धीर झाला नव्हता. त्या सकाळी सांगितलं. तिने शर्टाची घडी नीट केली, पिशवी काखेत धरली आणि गेली.

चार्जशीट आल्यावरही सुटका सोपी नाही. आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन नाही, आणि त्या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननी करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं. 2021 मध्ये त्याच न्यायालयाने खटला फार रेंगाळला तर जामीन देता येतो असंही म्हटलं. आम्ही वकील त्याच निकालाला धरून आहोत. पण त्या प्रकरणातला आरोपी तोवर पाच वर्षांहून जास्त आत होता.

तडीपारीही जाचकच. साक्षीदारांची नावं कळत नाहीत, घर-शेत सोडून परजिल्ह्यात राहावं लागतं. तरी तिला दोन वर्षांची मर्यादा आहे; यूएपीएखालच्या कैदेला तशी नाही.

बॉम्ब ठेवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, हे मी मनापासून म्हणतो. ती खटला चालवून व्हावी, लवकर व्हावी. निर्दोष ठरलेल्याला भरपाई द्यायची तरतूदही या कायद्यात नाही, ती हवी.

त्या पोराचा खटला अजून चालू आहे. आईने फुल्या मारणं सोडलंय. फोन करते आणि पुढची तारीख तेवढी विचारते.