मुक्तिनाथची तयारी, नोंद तिसरी: एक मुक्काम पुन्हा वाढवला

नेपाळच्या यात्रेत डोंगरातले मुक्तिनाथ मंदिर की काठमांडूचे पशुपतिनाथ, हा मागील नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न आता सुटला आहे. काठमांडूचा फेरा टाळून आम्ही तिघे रेल्वेने गोरखपूर गाठणार आहोत आणि सुनौलीची सीमा ओलांडून भैरहवा, पाल्पा, पोखरा, बेनी या मार्गाने बसने मुक्तिनाथच्या वाटेवरील जोमसोमला पोहोचणार आहोत. पशुपतिनाथाची माफी मागून त्याचे दर्शन पुढच्या खेपेला ठेवले आहे.

पोखरा ते जोमसोम विमान जेमतेम वीस मिनिटांचे असले, तरी काली गंडकी नदीच्या खोऱ्यात दुपारकडे जोराचा वारा सुटत असल्यामुळे उड्डाणे सकाळीच होतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. अशा वेळी पोखऱ्यात अडकून लॉजचे भाडे भरत बसणे आमच्या खिशाला परवडणारे नाही. शिवाय 8,167 मीटरचा धौलागिरी आणि 8,091 मीटरची अन्नपूर्णा यांच्या मधले हे खोरे बसमधून दिवसभर पाहता येईल, अर्थात खड्ड्यांसकट.

खरी चूक पहिल्या आराखड्यात होती. पैसे वाचवण्याच्या नादात मी वाटेतला मुक्काम गाळून पोखऱ्याहून निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दर्शन उरकून परतायचे लिहिले होते. वहीत खर्चाशेजारी उंचीचा रकाना आखला, तेव्हा डोळे उघडले: पोखरा सुमारे 820 मीटर, जोमसोम सुमारे 2,700 आणि मुक्तिनाथ 3,700 च्या वर, म्हणजे 1,646 मीटरच्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तेथे मंदिराच्या आवारातील 108 धारांच्या थंडगार पाण्याखाली डोके धरायचे, तर शरीराला उंचीची सवय हवीच. म्हणून जोमसोम आणि मुक्तिनाथ यांच्या मधल्या कागबेनी गावचा एक जादा मुक्काम पुन्हा घातला असून त्यासाठी परतीचे तिकीट साध्या शयनयानाचे काढणार आहोत.

मुक्तिनाथ ज्यात येते त्या अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राच्या परवान्यासाठी सार्क देशांच्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपये पडतात, 1.6 च्या ठरलेल्या दराने ते आपले 625 होतात. ओळखपत्राचा घोळ मात्र अनपेक्षित निघाला. भारतीयांना व्हिसा लागत नसला, तरी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, आणि आमच्यातील चाळिशीचे एक गृहस्थ केवळ आधार कार्डाच्या भरवशावर होते. त्यांनी पासपोर्टसाठी अर्ज केला आहे. तो हातात पडल्यावरच तारीख ठरेल. दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, दिवसांत नेपाळमध्ये गावी निघालेल्यांची बसला झुंबड उडते, म्हणून तेवढे दिवस दिनदर्शिकेवर आधीच खोडले आहेत.