रायफल जाम झाली की आधी पुंगळी बघा

रशियाची एके रायफल भारी की अमेरिकेची एम16 भारी हा वाद निघाला की एकजण हमखास म्हणणार एके चिखलातून काढली तरी चालते, दुसरा म्हणणार हो पण नेम कुठे धड लागतो तिचा, आणि गाडी तिथेच अडते. मीपण बरीच वर्षं हेच बोलायचो. नंतर जुन्या लढायांमधले किस्से नीट वाचायला घेतले आणि मत पार बदललं, कारण नुसती रायफल रायफलशेजारी ठेवून काही कळतच नाही, तिच्यात कुठली गोळी जाणार आहे ते आधी विचारायला हवं.

कॅनडाची रॉस रायफल घ्या. नळी चांगली 30 इंचांची, नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये नाव काढलेली, बोल्टसुद्धा, म्हणजे गोळीच्या मागे नळी बंद करणारा दांडा, सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा, फिरवायची भानगड नाही. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक हीच घेऊन गेले. एप्रिल 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत भराभर गोळ्या झाडायची वेळ आली आणि बोल्ट उघडेचना. समोरून जर्मन येतायत आणि हा माणूस रायफल जमिनीवर टेकवून बोल्टच्या मुठीवर बुटाने लाथा मारतोय, नाहीतर खंदक खणायच्या हत्याराच्या दांड्याने ठोकतोय. त्या लढाईतून जिवंत परतलेल्यांपैकी हजाराहून जास्त जणांनी रॉस टाकून पडलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफली उचलल्या होत्या.

कारण काय, तर रॉसचं चेंबर, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते ती जागा, एकदम नेटकं, घट्ट मापाचं. अचूकतेसाठी ते छानच, पण युद्धाच्या घाईत बनलेल्या ब्रिटिश .303 गोळ्या मापाला तेवढ्या काटेकोर नव्हत्या, ली-एनफिल्डचं चेंबर सैल असल्यामुळे तिला त्या पचायच्या आणि रॉसमध्ये गोळी उडाली की पुंगळी, म्हणजे दारू भरलेली धातूची नळकांडी, फुगून आत चिकटून बसायची. शिवाय बोल्ट मागे येऊन ज्या अडथळ्यावर आदळायचा तिथे बोल्टला आत अडकवून ठेवणाऱ्या आट्याच दबून खराब व्हायच्या. 1916 मध्ये ती आघाडीवरच्या सैनिकांकडून काढून घेतली, पण गंमत नाही, खरं सांगतोय, स्नायपर लोकांनी ती सोडली नाही, कारण निवडक गोळ्या आणि सावकाश एकेक फैर असेल तर तिच्यासारखी दुसरी नव्हती.

आता 50 वर्षं पुढे या, व्हिएतनाम. एम16 ची मूळ रचना यूजीन स्टोनरची आणि त्याने ती एका प्रकारच्या दारूवर बेतलेली, पण सैन्याने गोळीतली दारू बदलून बॉल पावडर घेतली. त्याने फायरचा वेग वाढला, आत काजळीही जास्त साचायला लागली, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता त्यामुळे तिथल्या दमट हवेत गंज धरायचा, आणि वर कहर म्हणजे हिला साफ करावं लागत नाही असा समज पसरलेला, कित्येकांना क्लीनिंग किटच मिळाले नाहीत. मग तेच झालं. पुंगळी चेंबरमध्ये अडकायची, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, तिची कड फाडून रिकामाच मागे यायचा. अशा वेळी एकच उपाय, क्लीनिंग रॉडचे तुकडे एकमेकांत फिरवून जोडायचे, नळीच्या तोंडातून आत घालायचा आणि पुंगळी मागे ठोकायची, तेही गोळीबार चालू असताना. रॉड जवळ असेल तर. हे वाचताना माझे हात गार पडले होते. 1967 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, चेंबरला क्रोम आलं, बोल्टचा धक्का झेलणारा बफर बदलला, किट पोचले, आणि तीच रायफल नीट चालायला लागली.

एकेचं यश सगळे लोक सैल पार्ट्सना देतात, ते खोटं नाही, जड पिस्टन आणि बोल्ट कॅरियर दणक्यात मागे येतात त्यामुळे थोडीफार घाण त्यांना अडवत नाही. पण तिची 7.62×39 ची गोळी बघा, तिची पुंगळी पुढे चांगली निमुळती होत जाते, म्हणजे जराशी मागे सरकली की चेंबरच्या भिंतीपासून सुटते. एम16 च्या 5.56 ची पुंगळी जवळपास सरळ, ती शेवटपर्यंत घासत येते. अर्धी विश्वासार्हता इथेच ठरते आणि याबद्दल कुणी बोलतच नाही.

अचूकतेचं थोडक्यात सांगतो. गोळ्या किती पसरतात ते एमओए या कोनाच्या मापात मोजतात, 1 एमओए म्हणजे 100 मीटरवर साधारण 2.9 सेंमी. चांगली एके 3 ते 5 मध्ये खेळते, एम16 चांगल्या गोळीवर 2 च्या आत येऊ शकते पण साधी लष्करी गोळी घातली की तीही पसरते. 4 एमओए धरलं तरी 300 मीटरवर 35 सेंमीचा घेर, माणसाचे खांदे त्याहून रुंद असतात. धावून दम लागलेल्या सैनिकाचा हात त्याहून जास्त हलतो हो.

टेस्टचे आकडे लोक तोंडावर फेकतात तेव्हाही जरा थांबा. 2007 मध्ये अमेरिकेत धुळीची टेस्ट झाली, प्रत्येक प्रकाराच्या 10 रायफली, प्रत्येकीतून 6000 गोळ्या. एम4, म्हणजे एम16 चंच आखूड रूप, 882 वेळा अडली, तिच्या स्पर्धेतली एचके416 233 वेळा, एक्सएम8 127 वेळा. झाली एम4 बदनाम. पण त्याच वर्षी उन्हाळ्यातल्या टेस्टमध्ये एम4 तीनशेच्या आसपासच अडली होती, आणि 882 पैकी 239 वेळा दोष रायफलचा नव्हताच, मॅगझिनचा, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीचा होता. मॅगझिनची स्प्रिंग थकली, गोळी धरून ठेवणारे वरचे ओठ वाकले की जगातली कुठलीही रायफल जाम होणार. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलवर कारगिलनंतर जी टीका झाली त्यातही थंडीत तडकणारी मॅगझिन होतीच.

म्हणून आता मला कुणी दोन रायफलींमधली चांगली कोणती विचारलं की मी उलट विचारतो, गोळी कुठल्या लॉटची, मॅगझिन किती जुनं आणि शेवटची साफ कधी केलेली.