सात टोकांचा पिन्याटा: कवच किती जाड ठेवायचं?

पिन्याटा म्हणजे आत खाऊ भरून टांगायचं आणि काठीने फोडायचं कवच. हा मेक्सिकोत डिसेंबरच्या पोसादांत, म्हणजे नाताळाआधीच्या उत्सवात, फोडतात तो सात टोकांचा तारा. वाढदिवसासाठी, ६ ते ८ वर्षांच्या मुलांना फोडता येईल असा. तिकडे आत मातीचं मडकं असायचं, ते एका फटक्यात फुटतं. कागद फुटत नाही, त्याला नुसता पोचा पडतो. म्हणून इथे सगळी मेहनत एकाच गोष्टीवर: टांगतो तिथे मजबूत, फटका बसतो तिथे कच्चं.

दिवस १. फुगा २६ सेंमी व्यासाचा. खळीसाठी १ वाटी मैदा १ वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवला, मग ४ वाट्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळला. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की गॅस बंद. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको. आत खाऊ जाणार आहे.

वर्तमानपत्राच्या ३ सेंमी पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाटलेली कड विरळ असल्याने बसते, कापलेली उठून राहते. कागद एकाच दिशेने सरळ फाटतो, ती दिशा आधी पाहून घ्या. पहिला थर नुसत्या पाण्याचा, म्हणजे फुगा आत चिकटत नाही. तो मोजायचा नाही. त्यावर खळीचा एक आडवा आणि एक उभा थर. उभ्यासाठी अर्थविषयक गुलाबी पेपर घेतला की कुठे राहून गेलं ते लगेच दिसतं.

वाळवण पंख्याखाली, टांगून. उन्हात ठेवलं तर आतली हवा तापून फुगा ताणतो आणि ओलं कवच तडकतं. संध्याकाळी फुगा आकसला की सुरकुत्या.

दिवस ३. बहुतेक पिन्याटे फुटण्याआधीच पडतात, कारण दोरी वरच्या दोन भोकांतून ओवलेली असते आणि किलोभर वजनाने कागद तिथेच फाटतो. म्हणून सुतळीचे दोन वेढे, तळाशी फुली, वर गाठ. नायलॉन नको, ते खळ पीत नाही. सुतळीवरून तिसरा थर, पण खालच्या अर्ध्या भागात तळहाताएवढ्या चार जागा सोडून. त्या खिडक्या दोनच थरांच्या. सगळीकडे पाच थर दिले तर मुलं दमतात आणि शेवटी कुणीतरी मोठा माणूस हाताने फाडतो.

दिवस ५. फुगा काढायच्या आधी अंगठ्याने दाबून पाहा; गार लागलं तर आत ओल आहे, थांबा. कोरडं लागलं की टाचणीचं बारीक भोक पाडून हवा हळूहळू जाऊ द्या. गाठीशेजारी ८ सेंमीचं झाकण तीन बाजूंनी कापलं.

सुळक्यांसाठी कार्डशीटची २० सेंमी त्रिज्येची पाव वर्तुळं, सात. गुंडाळल्यावर बुड जेमतेम १० सेंमी. घेर ८२ सेंमी, म्हणून सहा सुळके साडेतेरा सेंमीवर, सातवा तळाला. बुडाला १.५ सेंमीचे काप देऊन पाकळ्या बाहेर वळवल्या, त्यावर कागदी टेप. पाकळ्या खिडक्यांवर येऊ देऊ नका.

दिवस ६. क्रेप कागदाच्या ५ सेंमी पट्ट्या, ३.५ सेंमी खोल कातरलेल्या. खालून वर चिकटवायच्या, म्हणजे पुढची झालर मागचा डिंक झाकते. इथे खळ चालत नाही, क्रेपचा रंग सुटतो. फेविकॉलची बारीक रेघ पुरे.

भरण ७०० ग्रॅम: गोळ्या, कागदात गुंडाळलेली चिक्की, भाजलेल्या शेंगा. मेक्सिकोत शेंगा, उसाचे करवे, संत्री भरतात. यादी थेट बोरन्हाणाची वाटते. ऊस मात्र वगळला, ओल सुटून खिडक्या आपोआप उघडतील. चॉकलेटही नको, वितळतं.

उरलंय: सुळक्यांच्या टोकांना गोंडे, आणि किलोभर तांदूळ भरून रात्रभर टांगून पाहणं.