न ऐकू येणारी शीर्षके
सदाशिव पेठेतील एका शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरील मजकूर नव्याने लावून देण्याचे काम गेल्या जूनमध्ये माझ्याकडे आले. मुदत, उत्पन्नाची अट, कागदपत्रे असे सारे काही पानावर होते, तरी कार्यालयातील फोन दिवसभर याच प्रश्नांसाठी खणखणत असे. ‘मुले वाचतच नाहीत,’ असे कार्यवाहांचे म्हणणे होते. संकेतस्थळे वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी 1997 साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार 79 टक्के वाचक नवे पान शब्दशः न वाचता चाळत होते. तेव्हा हे पान चाळून हाती काय लागते, एवढेच मला पाहायचे होते. त्यासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या काही जणांना आम्ही बोलावले. त्यांत एक दृष्टिहीन विद्यार्थिनी होती.

ती एनव्हीडीए हे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे, सॉफ्टवेअर वापरते. त्यात ‘एच’ ही कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. डोळस वाचक ठळक ओळींवरून नजर फिरवतो, तेच काम ही कळ करते. तिने कळ दाबली, तर पुढे शीर्षक नसल्याचे उत्तर आले. पुन्हा दाबली, तरी तेच. मला मात्र समोर ‘पात्रता’, ‘कागदपत्रे’, ‘अंतिम तारीख’ अशा ठसठशीत ओळी दिसत होत्या. मजकूर संपादनासाठी उघडल्यावर उलगडा झाला: त्या ओळी नुसत्या ठळक केलेल्या होत्या, त्यांना शीर्षकाची शैली दिलेलीच नव्हती, त्यामुळे पडदावाचकाला ती शीर्षके आहेत हे कळत नव्हते. मग तिने दुव्यांची यादी उघडली आणि ‘येथे क्लिक करा’ हे एकच वाक्य ओळीने ऐकू येऊ लागले.

“ताई, यांतला अर्जाचा कोणता?” तिने विचारले.

तो सापडला, पण अर्ज म्हणजे कागदाचे स्कॅन केलेले चित्र होते. त्यात वाचता येण्याजोगा मजकूर नसल्याने पडदावाचक गप्प राहिला. एका होतकरू मुलीला केवळ मांडणीपायी अर्जापर्यंत पोहोचता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले.

दुपारी कार्यवाहांशी बराच वेळ चर्चा झाली. संस्थेचा इतिहास पानाच्या आरंभीच हवा, हा त्यांचा आग्रह मी समजू शकते, कारण त्यामागे देणगीदारांविषयीची कृतज्ञता होती. परंतु अंतिम तारीख शोधणाऱ्याला त्या चार परिच्छेदांतून जावे लागू नये, हे अखेर त्यांनी मान्य केले. इतिहासाला स्वतंत्र पान मिळाले. अंतिम तारीख आणि उत्पन्नाची अट पहिल्या दोन ओळींत आली. कागदपत्रांत उत्पन्नाचा दाखला सर्वांत वर घेतला, कारण तो तहसील कार्यालयातून मिळायला वेळ लागतो आणि मुलांची धावपळ तिथेच होते. प्रत्येक दुव्याला ‘अर्जाचा नमुना उतरवून घ्या’ असे त्याच्या कामाचे नाव दिले.

अर्ज मात्र त्या दिवशी झाला नाही. कार्यालयातील लिपिकांनी तो नव्याने टंकलिखित करायला घेतला असून तपासणीसाठी त्याच विद्यार्थिनीला पुन्हा बोलावले आहे.