खाडीतले 'साधे' पक्षी

"ते राहू द्या हो, ते साधे पक्षी आहेत. फ्लेमिंगो कुठेत ते दाखवा."

ठाणे खाडीत बोटीवरचे एक काका असं म्हणाले आणि सगळे मोबाइल पुढे वळले. मी मात्र त्या 'साध्या'पाशीच अडकले.

चिखलात चोच खुपसत पळणारे ते कर्ल्यू सँडपायपर होते, तुतवारांपैकीच एक. वजन जेमतेम ६० ग्रॅम, कोंबडीच्या अंड्याएवढं. थंडीत राखाडी, म्हणून नजरेत भरत नाहीत. परतायच्या आधी विटकरी लाल होऊ लागतात. अंडी घालतात थेट सायबेरियाच्या उत्तरेला, टुंड्रात. नर पिल्लांचं काही बघत नाही, जुलैच्या सुमारास दक्षिणेची वाट धरतो (असो!). मागून माद्या. पिल्लं सगळ्यात शेवटी, वाट दाखवायला कुणी मोठं नसताना.

पण खरी भन्नाट गोष्ट लेमिंगची. लेमिंग म्हणजे तिथला उंदरासारखा प्राणी. ज्या उन्हाळ्यात लेमिंग भरपूर, त्या वर्षी हिमकोल्ह्यांचं पोट त्यांच्यावरच भरतं आणि या पक्ष्यांची पिल्लं वाचतात. लेमिंग घटले की कोल्हे घरट्यांकडे वळतात. मग त्या हिवाळ्यात दक्षिणेत आलेल्या थव्यांत नवे पक्षी कमी!

२०२४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने या पक्ष्याला 'असुरक्षित', म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेला, ठरवलं. त्याला लागतं काय, तर ओहोटीला उघडा चिखल आणि भरतीला टेकायला कोरडी जागा. भराव पडतो तो नेमका यावरच.

तुमच्या जवळच्या खाडीत असे कोण कोण उतरतात, कधी पाहिलंय?