छप्पर सुटतं ते हुकांपाशी

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने गुजरातकडे सरकलं, तेव्हा शहराला ताशी १०० किलोमीटरच्या वरचे झोत बसले. वादळ इथे धडकलंही नव्हतं, तरी कोळीवाड्यांतली आणि खाडीकाठच्या वस्त्यांतली छपरं उघडी पडली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं होतं. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे दुरुस्तीला हातात एकदा जेमतेम आठवडा होता, एकदा साडेतीन आठवडे.

अशा वेळी मदतीला धावणारे आधी पत्रे गोळा करतात. पत्रे लागतातच, पण पत्रा कमकुवत म्हणून छप्पर क्वचित जातं. ते सुटतं पत्रा खालच्या पाइपाला धरून ठेवणाऱ्या हुकांपाशी, नाहीतर पाइप भिंतीवर नुसता टेकवलेला असतो तिथे. वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो. ही ओढ वळचणीला, कडेला आणि कोपऱ्यांत सगळ्यात जास्त. त्यात वाऱ्याच्या तोंडावरचं दार उघडं पडलं की आतूनही धक्का बसतो.

म्हणून हुकांचा हिशेब आधी करा. १० बाय १५ ची खोली, एका बाजूला उतार, खाली चार पाइप. दोन्हीकडे फूटफूट बाहेर काढलं तर १२ फुटी पत्रे लागतात. ३ फुटी पत्रा एकावर एक चढवल्यावर अडीच फूट झाकतो, म्हणजे सात पत्रे. मधल्या दोन पाइपांवर पत्र्यामागे तीन हुक, वरच्या-खालच्या कडेच्या पाइपांवर चार. हे झाले ९८. दोन टोकांच्या पत्र्यांना जादा धरले की ११० च्या आसपास, आणायचे १२५. नट, पत्र्याचा वायसर आणि डांबरी वायसर तेवढेच. एवढ्या कामावर ४० हुक घेऊन जाणारी टोळी पुढच्या वादळाची सोय करून येते, हे कठोर वाटलं तरी खरं आहे.

हुक ८ मिलिमीटरचा, गॅल्व्हनाइज्ड. खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर सडतं. लांबी आणि वाक पाइपावर ठरतो, त्यामुळे जुना हुक खिशात घालूनच नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा. स्क्रू मारणं सोपं वाटतं, पण आतून गंजलेल्या पातळ पाइपात त्याचे आटे धरत नाहीत.

पत्रे चढवायला वळचणीकडून, आणि वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करायची. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला. मग प्रत्येक वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करते. बाजूला दीड ते दोन नळ्या (पत्र्याच्या लाटा) एकमेकांवर, उतारावर जोड असेल तर निदान ६ इंच, उतार कमी असेल तर ८. भोक नेहमी नळीच्या फुगीर भागावर. खोलगट भागात पाणी वाहतं, तिथलं भोक गळणारच. खिळा ठोकून भोक पाडू नका, कडा फाटतात. ८ च्या हुकाला १० चं ड्रिल लागतं. वायसरचं डांबर जरा पसरलं की नट थांबवा. जास्त आवळला तर पत्रा दबतो आणि त्या खळग्यात पाणी साचतं.

आता पाइप. चार इंची भिंतीवर सिमेंटच्या गोळ्यात बसवलेला पाइप छपरासकट उचलला जातो. त्यावरून लोखंडी पट्टी घालून भिंतीच्या दोन्ही अंगांनी दोन-तीन फूट खाली आणा आणि तिथे आरपार बोल्ट मारा, मागे चौकोनी प्लेट देऊन. म्हणजे खालच्या भिंतीचं वजन छपराला धरून ठेवतं. छपरावर दगड-विटा ठेवायची सवय मात्र मोडायलाच हवी. जोराच्या वाऱ्यात ती वीट शेजारच्या घरात जाते.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. पंचनामा व्हायचा असेल तर घरमालकाला उभं करून आतून-बाहेरून फोटो घ्या आणि मोडके पत्रे तोवर टाकू नका. दुसरं, वीज. वस्तीत शेजारच्याची वायर याच पत्र्यावरून गेलेली असते, त्यामुळे एका घराचा मेन स्विच बंद करून भागत नाही. आजूबाजूच्या घरांचाही बंद करायचा, लोंबती वायर दिसली तर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत शिडी लावायची नाही.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो न करकरता फुटतो. हुकांची ओळ दिसते तिथे खाली पाइप असतो; दोन पाइपांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चाला. या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात राहते. पत्रा पाण्याने भिजवून अख्खा उतरवा, वरून फेकू नका, कोरडा कापू नका. तोंडाला रुमाल पुरत नाही, निदान एन-९५ मास्क हवा. तुकडे दुहेरी गोणीत, आणि पोरांना लांब ठेवा.

पत्रे यायला वेळ असेल तर ताडपत्री. ती आढ्यावरून पलीकडे न्या. कडा लाकडी रिपेभोवती दोन वेढे गुंडाळून ती रीप खालच्या पाइपाला बांधा; नुसत्या धातूच्या कड्यांना दोरी बांधली तर पहिल्याच झोतात कडी फाटून येते. ढिली ठेवू नका. एक मीटर चौरसावर ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर ५० किलो वजन होतं.

आणि घरातल्या बाईमाणसाला विचारा, "मावशी, वादळाआधी कुठे गळायचं?" ती जागा त्यांना नेमकी ठाऊक असते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा परत जा. दिवसा आतला दिवा बंद करून वर बघा. उजेडाचा ठिपका दिसेल तिथे वायसर बसलेला नाही. पश्चिमेच्या कडेचे नट सगळ्यात आधी तपासा, वाऱ्याने हलून तेच सैल होतात.